मोठेपणी एडीएचडीची तपासणी: फोनवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आठवड्यातून चार-पाच फोन तरी असे येतात. "मॅडम, एडीएचडीची टेस्ट तुमच्याकडे होते ना? उपाशीपोटी यावं लागतं का?" विचारणारा थट्टा करत नसतो. आपल्याकडे टेस्ट म्हटलं की सुई, बाटली आणि संध्याकाळी मिळणारा रिपोर्ट हेच डोळ्यांसमोर येतं. एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर: लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं, उतावीळपणा आवरणं जड जाणं, तेही लहानपणापासून. मी पुण्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. तीच ती उत्तरं फोनवर तुकड्यातुकड्यांत देण्यापेक्षा एकदाच सगळी लिहून काढली आहेत. यातली उदाहरणं चार-चार जणांची मिसळून, ओळख पुसून दिली आहेत. तरीही कुणाला "हा तर मीच" असं वाटेल, कारण या गोष्टी एकमेकींसारख्या फार असतात.

मग उपाशीपोटी यायचं का?

नको. नीट जेवून आणि आदल्या रात्री झोपून या. जागरण करून आलेल्या कुणाचंही लक्ष लागत नाही. चहा-कॉफी रोजच्याइतकीच घ्या. चालू असलेली औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. वाचायचा चष्मा आणा. तो गाडीत राहिला म्हणून खाली धावत जाणारं दर महिन्याला कुणीतरी असतंच. (त्याची नोंद मी लक्षण म्हणून करत नाही.)

ही टेस्ट नक्की असते तरी काय?

'ती' टेस्ट अशी एक नसतेच. एडीएचडी रक्तात सापडत नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही, मेंदूचा आलेख काढूनही ठरत नाही. 'ब्रेन मॅपिंगने खात्रीशीर निदान' अशी जाहिरात दिसली तर पैसे खिशातच राहू द्या. निदान होतं ते सविस्तर मुलाखतीवरून, जुन्या पुराव्यांवरून आणि तुम्हाला लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून. कागदावरच्या आणि संगणकावरच्या चाचण्या त्याला हातभार लावतात, एवढंच.

निकषही सांगून टाकते. आपल्याकडे बहुतेक जण डीएसएम-५ ही अमेरिकन निकषावली वापरतात; ती २०१३मध्ये आली. तिच्यात एकूण १८ लक्षणं आहेत: नऊ लक्ष न टिकण्याची, नऊ चंचलपणा आणि उतावीळपणाची. मुलांमध्ये कुठल्याही एका गटातली किमान सहा लागतात, १७ वर्षांपुढे पाच पुरतात. ती किमान सहा महिने तरी चाललेली हवीत. त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत (आधीच्या आवृत्तीत ही मर्यादा सात वर्षांची होती). घर, शाळा, नोकरी, नातेसंबंध यांपैकी किमान दोन ठिकाणी ती दिसायला हवीत. त्यांच्यामुळे आयुष्यात खरोखरचा अडथळा यायला हवा, आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने त्यांचा उलगडा होत नसावा.

बोलीभाषेत सांगायचं तर माझे प्रश्न तीनच असतात. कधीपासून? कुठेकुठे? आणि त्यापायी काय काय हातचं गेलं?

इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या रील माझ्यावरच बनवल्यासारख्या वाटतात. ऑनलाइन टेस्टही केली, सहापैकी सहा आले. आता तपासणीची गरज आहे का?

ती सहा प्रश्नांची टेस्ट बहुधा एएसआरएस असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेली ही प्रश्नावली चांगली आहे, मीही वापरते. पूर्ण प्रश्नावली १८ प्रश्नांची, त्यातले पहिले सहा चाळणीचे. पण चाळणीचं काम चाळण्याचं. नैराश्यात असलेला, चिंतेने पोखरलेला किंवा चार महिने रात्रपाळी करणारा माणूसही तिच्यात सहज सहापैकी पाच मिळवतो.

रील पाहून आलात म्हणून इथे कुणी हसणार नाही. पूर्वी माणसं मासिकातला लेख कापून आणायची, आता रील सेव्ह करून आणतात. फक्त एक विनंती आहे. येण्याआधीचे आठ दिवस रील पाहणं थांबवा. नाहीतर मी तुमच्या आठवणी विचारते आणि तुम्ही रीलमधली वाक्यं सांगता, आणि यात तुमचं काय आणि उसनं काय हे निवडण्यात एक आख्खी भेट जाते.

मानसशास्त्रज्ञाकडे जायचं की मानसोपचारतज्ज्ञाकडे?

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिॲट्रिस्ट, हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर असतात. निदानही करतात, औषधंही देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मुलाखत, चाचण्या, अहवाल आणि थेरपी ही कामं करतात, गोळ्या लिहून देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक बेधडक विचारा. विचारल्यावर जो रागावेल त्याच्याकडे जाऊ नका. नुसता समुपदेशनाचा डिप्लोमा केलेल्या व्यक्तीशी बोलून बरं वाटू शकतं, पण निदानाचा अहवाल तिच्याकडून घेऊ नका.

सुरुवात कुठूनही केली तरी चालते. औषधाचा विचार पुढे आला की डॉक्टर लागतातच.

येताना काय आणायचं?

प्रगतिपुस्तकं. पहिली ते दहावी, सापडतील तेवढी.

लोकांना वाटतं मला गुण बघायचे आहेत. गुणांकडे मी फारसं बघतही नाही. माझं बोट जातं खालच्या शेऱ्याच्या रकान्याकडे. एका बाईंनी, वय ४१, बँकेत अधिकारी, माळ्यावरच्या ट्रंकेतून चार वर्षांची आणली होती. पिवळा पडलेला पुठ्ठा, कोपऱ्यावर शाळेचा जांभळा शिक्का. पाचवीत: 'हुशार आहे, परंतु वर्गात लक्ष नसते.' सहावीत: 'वह्या अपूर्ण.' सातवीत, वेगळ्या अक्षरात: 'बडबड कमी करावी.' आठवीत: 'क्षमता आहे, प्रयत्न हवेत.' प्रत्येकाखाली वडिलांची तीच निळ्या शाईतली सही. चार वर्षं, तीन वर्गशिक्षक, एकमेकांना न विचारता एकच गोष्ट लिहीत होते. त्यातल्या कुणी एडीएचडी हा शब्द ऐकलाही नसेल, आणि म्हणूनच त्या शेऱ्यांना वजन. आज चाळिशीत सांगितलेल्या आठवणीवर आजच्या वाचनाची छाया पडते. त्या पुठ्ठ्यावर ती पडलेली नसते.

याच्या उलटही होतं. एकाच्या सगळ्या प्रगतिपुस्तकांत 'उत्तम', 'नीटनेटका', 'वर्गप्रमुख म्हणून चांगले काम'. त्याचं लक्ष उडायला लागलं ते वयाच्या ३४व्या वर्षी, धंद्यात भागीदाराने फसवल्यानंतर. त्याला त्रास नव्हता असं नाही, पण त्या त्रासाचं नाव वेगळं होतं.

प्रगतिपुस्तकं पुरात गेली, घर बदलताना रद्दीत गेली, तर बिघडत नाही. 'पालकांनी सही करावी' असे लाल शेरे असलेली एखादी गृहपाठाची वही, शाळेतला बाकावरचा मित्र, मोठी बहीण, यांतलं काहीही चालेल. शिवाय आजवरच्या आजारांची कागदपत्रं, चालू गोळ्यांची नावं, आधी कधी मानसोपचार घेतले असतील तर ती फाइल.

आईला कशाला बोलवता? मी ३८ वर्षांचा आहे.

तुमच्या सहाव्या वर्षाचा साक्षीदार तुमच्याकडे दुसरा कोण आहे?

आया मात्र पहिल्यांदा सगळं नाकारतात, हे गृहीत धरून मी चालते. "हा? अहो, अगदी गुणी मूल होतं. कधी त्रास दिला नाही." मी मान डोलावते आणि विचारते, शाळेत डबे किती हरवले? "डबे होय? स्टीलचे चार गेल्यावर मी प्लॅस्टिकचाच द्यायला लागले." छत्री? "छत्री दिलीच नाही त्याला, रेनकोटच, तोही अंगात घालूनच पाठवायचे." अभ्यासाला बसायचा? "मी समोर बसले तर बसायचा. मी भाजी टाकायला उठले की हा खिडकीत." दहा मिनिटांत माउलीने स्वतःच्याही नकळत दहा वर्षांची व्यवस्था उलगडून दाखवलेली असते. मूल गुणी होतंच, पण आईने चारही बाजूंनी कुंपण घातलं होतं.

वडील आलेले असले तर साधारण याच सुमाराला ते बोलतात: "मीसुद्धा असाच होतो. त्यात काय एवढं?" तेही मी लिहून घेते. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांत तो सत्तर टक्क्यांच्या वर निघतो.

घरी सांगायचं नसेल तर जबरदस्ती नाही. तुमच्या परवानगीशिवाय मी कुणालाही फोन करत नाही. आई-वडील नसतील, बोलणं तुटलेलं असेल, तर मावशी, आत्या, चुलतभाऊ, शाळेतली मैत्रीण. कुणीच नसेल तर नोंद तशीच करते, आणि अहवालात निदानाची खात्री थोडी कमी असल्याचं लिहिते. सध्याच्या दिवसांबद्दल जोडीदार किंवा खोलीतला मित्र बोलला तर फार उपयोग होतो.

पहिल्या भेटीत काय विचारतात?

"लक्ष लागतं का?" हा प्रश्न मी सहसा विचारत नाही. त्याला सगळ्यांचं उत्तर "नाही"च असतं. मी विचारते, गेल्या महिन्यात लाइटबिल कोणत्या तारखेला भरलं, आणि तोवर किती मेसेज येऊन गेले होते? गाडीची चावी गाडीलाच लावून आत आलात, असं शेवटचं कधी झालं? गॅसवर दूध ठेवलंय हे वासाने कळतं की आठवणीने? साहेबांनी चार कामं तोंडी सांगितली तर जागेवर पोचेपर्यंत किती शिल्लक राहतात? आयटी रिटर्न ३१ जुलैच्या किती दिवस आधी भरता, की नंतर दंडासकट? घरच्यांशी सगळ्यात जास्त भांडण कशावरून होतं? ("तू ऐकतच नाहीस" हे वाक्य इतक्या घरांत इतक्या सुरांत म्हटलं जातं, की त्याची वेगळी वही करावी.)

चंचलपणा मोठेपणी पळापळीत दिसेलच असं नाही. तो आत जातो. तीन तासांच्या नाटकात मध्यंतराआधीच जीव कासावीस होणं, सिग्नलला उभं राहवत नाही म्हणून लांबच्या गल्लीतून जाणं, दुसऱ्याचं वाक्य आपणच पूर्ण करणं. "पाय हलवू नकोस, घरात दारिद्र्य येतं" हे आजीचं वाक्य ऐकलंय का, हा माझा आवडता प्रश्न. ऐकलेलं असतंच, किती वेळा, हा मुद्दा. उतावीळपणासाठी राजीनामे विचारते: किती दिले, आणि त्यातले किती त्याच दिवशी सुचून त्याच दिवशी दिले?

"पण गणपतीची आरास करायला बसलो की सहा-सहा तास उठत नाही. मग लक्ष नाही असं कसं?" यावर पुष्कळ जण अडतात आणि घरचे तर हमखास. एडीएचडीत लक्षाचा साठा कमी नसतो, ते आपल्या मर्जीने वळवता येत नाही. आवडीचं, नवं किंवा उद्याच द्यायचं असेल तर इंजिन जोरात पळतं. कंटाळवाण्या पण आवश्यक कामाला किल्ली मारली की नुसतं घरघरतं.

याखेरीज झोप, दारू, तंबाखू, गांजा, मूड, डोक्याला झालेली इजा, लहानपणीचे आघात, जीव नकोसा होण्याचे विचार, हे सगळं विचारलं जातं. उगाच खोदून काढायचं म्हणून नाही. कारण खाली आहे.

म्हणजे दुसरंच काही निघू शकतं?

निघतं, आणि वरचेवर निघतं. थायरॉइड, रक्तक्षय, बी-१२ची कमतरता. यासाठी साध्या रक्ततपासण्या करून घ्या म्हणते (इथे उपाशीपोटीचा प्रश्न लॅबला विचारा). झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं: रात्रभर आठ तास झोपूनही दिवसा डुलक्या घेणाऱ्याचं लक्ष लागणार कुठून? नैराश्यात एकाग्रता जाते, चिंतेत ती भलतीकडे गुंतते, बायपोलर आजारात काही आठवडे माणूस अतिवेगाने धावतो. मुख्य फरक काळाचा असतो. नैराश्य येतं आणि ओसरतं, त्याला सुरुवात सांगता येते. एडीएचडीला 'अमुक साली सुरू झालं' अशी तारीख नसते.

आणि गंमत अशी, की दोन्ही एकत्रही असतात. वीस वर्षं 'आळशी', 'वेंधळा', 'बेजबाबदार' ऐकलेल्या माणसाला नैराश्य किंवा चिंता जडली तर नवल काय. म्हणून मी कधीकधी म्हणते, आधी नैराश्यावर उपचार घ्या, तीन महिन्यांनी उरलेलं बघू. लोक नाराज होतात. तरी म्हणते.

दहावीला ८९ टक्के होते, इंजिनिअर आहे. मला एडीएचडी कसा असेल?

असू शकतो. बुद्धी आणि लक्षाचं नियमन या दोन वेगळ्या गोष्टी. आईचं कुंपण, क्लासच्या सरांचा धाक आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची भीती एवढ्यावर पुष्कळ हुशार मुलं पदवीपर्यंत जातात. कोसळतात ती कुंपण पडल्यावर: हॉस्टेलला, घरून काम सुरू झाल्यावर, पहिल्यांदा दहा माणसांची टीम हाताखाली आल्यावर.

बायकांमध्ये हे उशिरा का कळतं?

वर्गात बाकावरून उड्या मारणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगी कुणाला दिसत नाही. ती 'स्वप्नाळू' ठरते. मग लग्न होतं आणि एकाच डोक्यात किराणा, शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप, सासूबाईंच्या गोळ्या, कामवाल्या ताईंचा पगार, स्वतःची नोकरी आणि हरतालिकेची तारीख हे सगळं मावलं पाहिजे अशी अपेक्षा होते. नवऱ्याचं पाकीट हरवलं तर तो विसरभोळा. तिने डब्यात मीठ विसरलं तर तिचं घरात लक्ष नाही. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायका मुलाच्या तपासणीला आलेल्या असतात. मुलासाठीची प्रश्नावली भरता भरता पेन थांबतं.

पाळीच्या आधीचे दिवस, बाळंतपणानंतरचा काळ आणि पाळी जायच्या सुमाराची वर्षं यांत त्रास वाढतो असं पुष्कळ जणी सांगतात. हे आवर्जून सांगा, कुणी विचारलं नाही तरी.

ती कोडी आणि संगणकावरच्या चाचण्या कशा असतात? नापास झालो तर?

पास-नापास नाही. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो, तुम्ही शाईचा रंग सांगायचा. मी आकडे म्हणते, तुम्ही उलटे म्हणायचे. कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरं आलटून पालटून रेषेने जोडायची. संगणकावर अक्षरं येत राहतात, ठरावीक अक्षर आलं तरच बटण दाबायचं. हे पंधरा-वीस मिनिटं चालतं आणि मुद्दामच कंटाळवाणं असतं. गरज वाटली तर बुद्धिमापन चाचणीही घेतात; तिला दीड तास धरा.

या चाचण्यांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. त्या उपयोगी आहेत, पण निकाल त्या देत नाहीत. माझी खोली शांत, दार बंद, फोन बाहेर, समोर एक माणूस फक्त तुमच्यासाठी बसलेला, खेळ नवा. असल्या ठिकाणी एडीएचडी असलेली पुष्कळ माणसं झकास गुण मिळवतात. उलट घाबरून घामाघूम झालेला, एडीएचडी नसलेला माणूस चुकत राहतो. म्हणून केवळ संगणकाच्या आलेखावरून 'आहे' किंवा 'नाही' म्हणणारा अहवाल मी अर्धवट मानते. मग घेते कशाला? शिकण्यातली अक्षमता आहे का, पन्नाशीनंतरचा विसराळूपणा वेगळ्या जातीचा आहे का, डोक्याला मार लागल्याचा परिणाम आहे का, आणि तुमच्या जमेच्या बाजू कोणत्या, हे कळायला.

आणखी एक. तुम्ही मराठी माध्यमात शिकला असाल तर चाचणी मराठीतून घ्यायला सांगा. शब्दांवर बेतलेली चाचणी परक्या भाषेत दिली तर गुण घसरतात, आणि ती घसरण लक्षाची आहे की भाषेची हे कागदावरून कळत नाही.

एकूण किती वेळ आणि किती पैसे?

आमच्याकडे दोन किंवा तीन भेटी, मिळून चार-पाच तास, आणि नंतर निष्कर्ष समजावून सांगायची एक भेट. पैसे शहरागणिक आणि माणसागणिक बदलतात. फोनवरच तीन गोष्टी विचारा: रकमेत चाचण्या धरल्या आहेत का, लेखी अहवाल धरला आहे का, शेवटची भेट धरली आहे का. वीस मिनिटांत निदान आणि हातात चिठ्ठी मिळाली तर दुसरं मत घ्या. उलट वीस हजारांचं 'पॅकेज' घेऊन चाचण्यांची चळत लावणाऱ्यांपासूनही सांभाळा.

विम्याचं म्हणाल तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देणं बंधनकारक केलं आहे. पण बऱ्याच पॉलिसी मुळात रुग्णालयात भरती झाल्यावरचाच खर्च देतात आणि ही तपासणी भरती न होता होते. तुमच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च आहे का ते बघा.

सरकारी रुग्णालयात होते का?

वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागात जा. पुण्यात ससून, मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था. खर्च केसपेपरपुरता, मोबदला रांगेत द्यायचा. पहिल्या दिवशी डॉक्टर बघतात, मानसशास्त्रज्ञाची तारीख पुढची मिळते, तेव्हा एका फेरीत काम होईल या हिशोबाने गावाहून येऊ नका. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर असतात. कुठे जायचं हेच कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विचारता येतं, पैसे पडत नाहीत.

ऑनलाइन चालेल का?

मुलाखत चालते. चाचण्या शक्यतो समोरासमोर. आणि गाडी चालवताना व्हिडिओ कॉलला बसू नका. हे सांगावं लागतं.

ऑफिसला कळेल का? अहवाल कुणाकुणाला जातो?

तुम्हाला. विम्याच्या उत्तरात आलेल्या २०१७च्या कायद्यातच गोपनीयतेचा हक्क आहे आणि स्वतःच्या नोंदी मागायचाही. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद सोडले तर तुमच्या लेखी संमतीशिवाय तो कुणाकडे जात नाही. एचआरला द्यायचा असेल तर पूर्ण अहवाल देऊ नका. त्यात तुमचं बालपण, लग्न, दारू सगळं असतं. निदान आणि सवलतींची शिफारस एवढंच असलेलं एक पानी पत्र मागून घ्या.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे 'सर्टिफिकेट मिळेल का, नोकरीत आरक्षण मिळेल का' असं विचारणाऱ्यांची निराशा होते.

लग्न ठरतंय. मुलीकडच्यांना सांगू का?

मुलीकडच्यांना नव्हे, मुलीला सांगा. आणि निदानाच्या नावापेक्षा रोजचं सांगा: "मी वाढदिवस विसरेन, त्याचा अर्थ मला तू आवडत नाहीस असा नाही, आणि त्यावर मी हे हे करतो." बाकीच्या नातेवाइकांना काय कळवायचं ते तुम्ही दोघं ठरवा.

'हो' आलं तर गोळ्या घ्याव्याच लागतात का?

नाही, पण 'गोळ्या नकोच' असं आधीच ठरवूनही येऊ नका. मिथिलफेनिडेट हे उत्तेजक गटातलं औषध बऱ्याच जणांना पहिल्या काही दिवसांतच फरक दाखवतं. ॲटोमॉक्सेटिन उत्तेजक गटातलं नाही, त्याला काही आठवडे लागतात. सुरू करण्याआधी डॉक्टर रक्तदाब, नाडी आणि घरात हृदयविकार आहे का हे बघतात. मिथिलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येतं: चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक केमिस्ट ठेवून घेतो. त्यामुळे कोपऱ्यावरचा केमिस्ट "नाही" म्हणतो आणि तुमच्याकडे जरा विचित्र नजरेने बघतोही. मनाला लावून घेऊ नका, डॉक्टरांना दुकान विचारा.

गोळीने लक्ष टिकतं, पण ते नेमकं कशावर टिकवायचं हे गोळीला ठाऊक नसतं. त्यासाठी थेरपी, दिनक्रम, गजर, भिंतीवरचं मोठं कॅलेंडर, घरच्यांशी नव्याने केलेली वाटणी. कालनिर्णयवर दुधाचे हिशोब लिहिणाऱ्या आपल्या आयांना हे तंत्र आधीपासून येत होतं.

आणि 'नाही' आलं तर?

हे सांगताना मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. वर्षभर मनाशी धरलेलं स्पष्टीकरण हातातून जातं, माणूस गप्प होतो. "म्हणजे मी नुसताच आळशी?" नाही. अडचण तितकीच खरी आहे, फक्त वाट दुसरी आहे. झोपेच्या डॉक्टरांकडे, थायरॉइडच्या गोळीकडे, नैराश्याच्या उपचाराकडे, कधी नोकरी बदलण्याकडे. 'एडीएचडी नाही' एवढंच लिहून हातात कागद देणाऱ्याला विचारा: मग काय आहे, आणि पुढे काय करू?

परदेशात राहतो. डिसेंबरच्या सुट्टीत पुण्यात येऊन तपासणी करून घेतली तर?

ब्रिटनमधून असे फोन पुष्कळ येतात, कारण तिथल्या सरकारी सेवेत काही भागांत वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी आहे. तपासणी करता येईल, पण तिकिट काढण्याआधी तिथल्या डॉक्टरांना विचारा, भारतातला अहवाल धरून औषध देणार का. बरेचसे "परत तपासू" म्हणतात. अहवाल इंग्रजीत, निकष आणि नोंदणी क्रमांकासह मागा. तीन आठवड्यांच्या सुट्टीतल्या पहिल्याच आठवड्याची वेळ घ्या. लग्नं, हळदीकुंकू आणि मामाकडची जेवणं यांत तिसरी भेट हमखास बुडते. औषध घेऊन प्रवास करणार असाल तर संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरला आगाऊ परवानगी लागते, जपानचे नियमही आधी तपासा.

मागच्या महिन्यात वेळ घेतली होती आणि विसरलो. आता परत फोन करायला लाज वाटते.

करा. या तपासणीला न विसरता, वेळेवर, सगळी कागदपत्रं घेऊन येणारे इतके कमी असतात की ते आले की आम्हीच दचकतो. आमच्या स्वागतकक्षातल्या ताई आदल्या संध्याकाळी एक आणि त्या दिवशी सकाळी एक असे दोन मेसेज पाठवतात. हवा असेल तर निघायच्या वेळी तिसरा पाठवतील, तसं सांगून ठेवा. बोलायचं नसेल तर व्हॉट्सॲपवर नुसतं 'परत वेळ हवी' एवढं लिहा. कारण लिहायची गरज नाही. प्रगतिपुस्तकं शोधायची राहिली असली तरी या, ती दुसऱ्या भेटीला आणली तरी चालतात.